कवळीकाकांचा सात नंबर

आमच्या भागात दात पडले की माणसं दोन ठिकाणी जातात. ऐपत असेल तर डॉक्टरकडे, अक्कल असेल तर थेट कवळीकाकांकडे. कारण डॉक्टरसुद्धा माप घेऊन ते शेवटी काकांकडेच धाडतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोचेपर्यंत माणसाला इतका दम लागतो की तोंड आपोआप उघडतं, आणि काकांना "आ करा" म्हणावं लागत नाही.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं कामाचं टेबल. प्लास्टरच्या पिशव्या, मेणाच्या वड्या, एक छोटी मोटर, आणि भिंतभर कपाटात जबड्यांचे साचे. दार उघडलं की आख्खं कपाट आपल्याकडे बघून हसतं. काका स्वतः मात्र क्वचित हसतात. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत, आणि हे धंद्याला शोभत नाही असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.

पूर्वी आत एक झोपायची खोली होती. आता तिथे एकोणीस टाक्या आहेत. म्हणून नवरा-बायको बाहेरच्या खोलीत, जबड्यांखाली झोपतात.

"छत्तीस तोंडं रात्रभर माझ्याकडे बघत असतात," काकू मला म्हणाल्या होत्या, "पण एकही बोलत नाही. संसारात एवढं सुख कुणाला मिळतं?"

माझी आणि काकांची ओळख रस्त्यावर झाली. माझ्या बहुतेक ओळखी रस्त्यावरच होतात. शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानासमोर मी बारा बायका आणि सात फलक घेऊन उभी होते. समुद्रातल्या खडकांत विष फवारतात, मासे गुंगतात, मग ते जाळीने उचलून पिशवीत भरतात. त्यातला निम्मा माल वाटेत मरतो, उरलेला गिऱ्हाइकाच्या घरी महिनाभरात मरतो, आणि खडक मरतो तो तर कायमचाच. हे सगळं मी वाचून शोधून काढलं होतं. मी किती शिकले हे विचारणाऱ्यांना मी नेहमी सांगते, की तुम्ही शिकून काय उजेड पाडलात ते आधी सांगा, मग माझं बघू.

तर आम्ही दार अडवून घोषणा देत होतो. तेवढ्यात एक उंच, वाकलेला माणूस काखेत डबी घेऊन आला आणि माझ्या खांद्यावर त्याने बोटाने टकटक केलं. दारावर करावं तसं.

"बाई, घोषणा चांगली आहे. जरा बाजूला होता का? दुकानदाराचे दात द्यायचेत."

"आज कुणी आत जाणार नाही!"

"मग मी बाहेर थांबतो. पण तुमच्याशी भांडायला त्याला दात लागतील. बिनदातांच्या माणसाला हरवून तुमचं नाव होणार नाही."

मी बाजूला झाले. दहा मिनिटांनी ते बाहेर आले. मागोमाग दुकानदार आला, नव्या दातांनी आम्हाला शिव्या देत. प्रत्येक शब्द स्वच्छ. काकांनी कान देऊन ऐकलं, 'श' आणि 'स' नीट येतात याची खात्री केली आणि मग मला विचारलं, "दुकान बंद पाडाल. उद्या लोक मासे मागायला येतील तेव्हा तो देईल काय?"

"काही देऊ नये!"

"हे उत्तर नाही, हा राग आहे. घरी या. पण दोनच्या आत या. दोनला आमच्याकडे रात्र होते."

मला वाटलं म्हातारा सटकलेला आहे. तरी गेले.

त्यांच्या घरात खरोखरच दुपारी दोनला रात्र होते. आतल्या खोलीच्या खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, दारालाही जाड काळा पडदा. पहाटे दोनला दिवे आपोआप लागतात, दुपारी दोनला विझतात. कारण असं, की जोकर मासे (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, लहान पोरंसुद्धा ओळखतात ते) त्यांची अंडी अंधार पडल्यावर तासा-दोन तासांत फुटतात, ती आठव्या दिवशी. पिल्लं पापणीच्या केसाएवढी. ती लगेच वेगळी काढायची, लगेच खायला घालायचं. जगाच्या रात्रीप्रमाणे चाललं तर हे सगळं झोपेच्या वेळेला येणार. काकांनी जगाशी वाद घातला नाही, आपली रात्र अलीकडे ओढली. आता पिल्लं चहाच्या वेळेला जन्मतात.

"लोक मला म्हणतात तू मुहूर्त बघतोस," काका म्हणाले. "मी मुहूर्त बघत नाही. लावतो."

याची सुरुवात त्याच दुकानदाराने केली होती. त्याच्या पहिल्या कवळीला तीन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला त्याने ओशाळून दोन जोकर आणि एक टाकी आणून दिली. काकांनी ती माशांची जोडी आधी कवळीसारखीच बघितली, म्हणजे भिंग डोळ्याला लावून. महिन्याभराने कौलाच्या तुकड्यावर अंडी दिसली. मग काका कामातून गेले. पहिली अकरा वेळची पिल्लं मेली. अकरा वेळा! तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळी तळाला. काकांनी कुणाला दोष दिला नाही, नशिबालासुद्धा नाही. वहीत एवढंच लिहिलं: 'माप चुकले. पुन्हा.' कवळी बसली नाही की ते हेच लिहितात.

माप चुकत होतं ते खाण्याचं. पिल्लांना जिवंत खाणं लागतं, तेही त्यांच्या तोंडात मावेल एवढं. म्हणजे डोळ्याला न दिसणारे किडे. ते किडे वाढवायला हिरवं शेवाळाचं पाणी, आणि ते हिरवं पाणी वाढवायला ऊन. ऊन फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथे काकूंचं राज्य.

काकूंनी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी पाहिलं तर हे गृहस्थ बरण्या चुकीच्या हलवतायत. ते त्यांना बघवेना. "सरका तिकडे," म्हणाल्या, आणि तेव्हापासून बरण्या त्यांच्याकडे आहेत. काकांना आजही त्यांना हात लावायची परवानगी नाही. एकदा काकूंच्या धाकट्या दिराने सरबत समजून अर्धा पेला हिरवं पाणी पिऊन टाकलं. सगळ्यांना वाटलं काकू घाबरतील. त्या ओरडल्या, "अहो, आज बुधवार! उद्या पिल्लं निघायचीत आणि ह्यांनी जेवण संपवलं!"

बाराव्या वेळी नऊ पिल्लं जगली. त्या नवांतला एक म्हणजे सात नंबर.

त्याच्या अंगावरचा मधला पांढरा पट्टा अर्ध्यातच थांबलेला आहे. रंगवणाऱ्याला कुणी हाक मारावी आणि तो ब्रश ठेवून उठून जावा, तसा. दुकानदाराने हा नग परत केला. म्हणाला, माल फसलेला आहे. काका म्हणाले, "तुझ्या खालच्या कवळीला डावीकडे फट आहे, मी तुला परत करतो का?" आणि मासा ठेवून घेतला. पुढे त्याची जोडी तीन नंबरशी जमवली. ही मोठी, दांडगी, हात घातला की बोटाला चावणारी मादी. सात नंबर तिच्यापुढे अंग थरथरवून माना डोलावायचा. अंडी ती घालायची आणि आठ दिवस पंखाने वारा घालत ती सांभाळायचा हा. खराब अंडं तोंडाने उचलून बाजूला काढायचं कामही ह्याचंच. काकूंना सात नंबर फार आवडायचा. "घरात असा एक तरी असावा," म्हणायच्या, आणि बाहेरच्या खोलीकडे बघायच्या.

तर काकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या खोलीत होतं. समुद्राला हात न लावता मासे वाढवता येतात! मी बाहेर पडले ती पेटूनच. दोन वर्षं मत्स्यखात्याच्या दारात बसले, पत्रं लिहिली, दोन साहेबांची झोप आणि एकाची बदली करवली, आणि नियम आणला: दुकानांनी फक्त नोंदणी झालेल्या पैदासकारांकडूनच मासे घ्यायचे. प्रत्येक आई-बाप माशाला नंबर, फोटो, नोंद. त्याचा अर्ज बनवणाऱ्या समितीत मी होते. खरं सांगायचं तर समिती म्हणजे मीच होते, बाकीचे चहाला होते. कारण व्यापारी कसे असतात मला ठाऊक आहे. पकडून आणलेला मासा घरच्याच्या जागी घुसवतील. म्हणून मी नववं कलम घातलं: 'नर अथवा मादी ही नोंद एकदा केल्यावर बदलता येणार नाही. तफावत आढळल्यास टाक्या जप्त.'

मसुदा मी काकांना वाचायला दिला होता. ते म्हणाले, "हे नववं कलम जरा..."

"काका, पळवाट ठेवायची नाही!"

त्यांनी मसुदा घडी करून परत दिला. ज्याचं तोंड उघडं आहे त्याला समजावत बसायचं नाही, ही त्यांची धंद्याची सवय.

नोंदणी झाली. तीन नंबर मादी, सात नंबर नर. काकांचं कार्ड पहिलं निघालं, त्याचा मला केवढा अभिमान!

मग तीन नंबर मेली. टाकीच्या झाकणाला नळी जाण्यापुरती फट होती, त्यातून तिने उडी मारली. सकाळी काकूंना ती टाकीखाली, फरशीवर सापडली. काकांनी त्या दिवशी एकाही माणसाचं माप घेतलं नाही. सात नंबरने चार दिवस काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी खाल्लं. सहाव्या दिवशी दुप्पट खाल्लं. मग तो वाढायलाच लागला. काकांनी सोबतीला लहानखुरा चौदा नंबर सोडला, तर सात नंबरने त्याला टाकीच्या चारी कोपऱ्यांतून पिटाळलं. जो मासा जन्मभर बायकोपुढे मान डोलवत आला, तो आता बोटाला चावू लागला.

काकूंनी ओळखलं. "अहो, हा तीन नंबरसारखा वागतोय."

"वागत नाही," काका म्हणाले. "होतोय."

जोकरांमध्ये असंच असतं. जन्मतात तेव्हा कुणीच काही नसतो. पुढे सगळे नर होतात, आणि त्यातला सगळ्यात दांडगा मादी होतो. मादी गेली की तिचा नवरा तिची जागा घेतो, आणि एखादा लहानखुरा नवऱ्याच्या जागी येतो. पुन्हा उलट मात्र फिरता येत नाही. काकांनी हे जेवताना समजावून सांगितलं तेव्हा काकू हातातला घास तसाच धरून ऐकत होत्या.

"म्हणजे बायको मेली की नवरा बायको होतो?"

"हो."

"मग मी गेल्यावर तुम्ही निदान भांडी तरी घासाल."

आठ महिन्यांनी कौलाच्या तुकड्यावर पुन्हा अंडी दिसली. आणि ती फुटायच्या दिवशीच खात्याची तपासणी आली.

तपासणीला आलेल्या मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, भडक पिवळं जॅकेट, हातात पाटीला लावलेले कागद. कोंबड्यांच्या विभागातून नुकत्याच बदलून आल्या होत्या. मी मुद्दाम हजर होते. म्हटलं, आपलं कार्ड पहिलं, आपली तपासणीही पहिली. मॅडमनी एकेक टाकी शांतपणे पाहिली. शेवटी सात नंबरपाशी थांबल्या.

"या टाकीत कोण?"

"सात आणि चौदा," काका म्हणाले.

मॅडमनी कागद उलटले. "सात, नर. चौदा, नर." मग टाकीत वाकून पाहिलं. "दोन नर. आणि ही तीनशे अंडी कुणाची?"

"सात नंबरची."

"काका, मी सहा वर्षं कोंबड्यांमध्ये काढली. कोंबडा अंडं देत नाही."

"कोंबडा देत नाही. जोकर देतो."

मी मध्ये पडले. "मॅडम, हा मासा बदलतो! निसर्ग आहे तो!"

"बदललाय हेच मी म्हणतेय. मासा बदललाय. नोंदलेला काढून बाहेरून पकडलेली मादी घातलीय."

काकांनी फोटो मागितला. अर्जावरच्या फोटोत अर्धा पट्टा, टाकीत अर्धा पट्टा. मॅडमनी भिंग घेऊन दोन्ही पाहिलं, तेही काकांचंच भिंग. बाई प्रामाणिक होती, मान्य केलं. "तोच मासा आहे."

"झालं तर!" मी म्हटलं.

"झालं कसं? तोच मासा असेल तर गेल्या वर्षी नर लिहिलंत ते खोटं. ते खरं असेल तर आज सांगताय ते खोटं. कुठलं खोटं लिहू?"

"दोन्ही खरं," काका म्हणाले.

"त्याला रकाना नाही."

"रकाना नाही म्हणजे काय? कुठल्या शहाण्याने केलाय हा अर्ज?" माझा आवाज चढला होता.

मॅडमनी कागद माझ्यासमोर धरला. खाली माझी सही होती. वळणदार, मोठी, मीच कौतुकाने केलेली.  बाहेरच्या कपाटातले जबडे पडद्याआडूनही जरा जास्तच उघडे वाटले.

कलम लिहिताना मला हे माहीत नव्हतं. झालं? लिहिलं. एकदाच लिहिणार आहे.

काकांनी माशांचं पुस्तक काढलं. मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातला मासा पुस्तकात. माझ्या कागदावर या टाकीतला आहे. पुढच्या शुक्रवारी फाइल बंद होते. त्याआधी हा सात नंबर अंडी घालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला तर मी लिहीन. नाहीतर नववं कलम."

नववं कलम म्हणजे टाक्या जप्त, मासे खात्याच्या टाकीत. खात्याची टाकी मी पाहिलेली आहे. तिथे एक पंप होता, तो बंद होता. एक दिव्याची पाटी होती, ती चालू होती. मासा एकही नव्हता, आणि का नव्हता हे विचारायची मला गरज पडली नाही.

मॅडम गेल्यावर मी काकांना म्हटलं, "मोर्चा काढू! शंभर बायका आणते!"

"नको," काका म्हणाले. "गर्दीत कोण अंडी घालेल? ही अंडी आज आठव्या दिवसाची आहेत, दुपारी फुटतील. चौदा दिवसांनी एकदा घालतात. म्हणजे पुढची वेळ गुरुवारी." मग वहीत बघून म्हणाले, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर एकोणीस टाक्या उभ्या होत्या.

बुधवारी काकांनी मला निरोप दिला: दोघं कौल घासायला लागलेत. जोकर अंडी घालण्याआधी जागा तोंडाने घासून लख्ख करतात. गुरुवारी सकाळी आठला मी गेले तर मॅडम आधीच आलेल्या. काकूंनी त्यांचं पिवळं जॅकेट काढून घेतलं होतं ("तो घाबरतो. म्हणजे ती. म्हणजे ते दोघं.") आणि अंगावर एक गडद निळी चादर दिली होती. टाकीसमोर काकांनी दोरीवर काळं कापड टांगून त्याला डोळ्यापुरती भोकं पाडली होती. चार स्टुलं, चार भोकं. आवाज करायचा नाही, हलायचं नाही.

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळ गप्प बसले ती ही सकाळ.

सात नंबरचं पोट टम्म फुगलं होतं. पोटाखाली तांदळाच्या कणीएवढी पांढरी नळी दिसत होती. काकांनी ती बोटाने दाखवली. अंडी त्यातूनच येतात. नऊ वाजले. दहा वाजले. दोघं घासतायत, घासतायत, अंडी नाहीत. मॅडम आणि काकू हळूच कुजबुजायला लागल्या.

"कोंबड्यांमध्ये असं काही नसतं हो," मॅडम म्हणाल्या.

"कोंबड्यांना कुणी संधी दिली?"

"आणि काका तुमचे... नेहमी असेच? शांत?"

"लग्नात फोटोवाला म्हणाला हसा. हे म्हणाले, दात दाखवू की हसू? तेव्हापासून मी विचारलं नाही."

"श्श," काका म्हणाले.

पावणेअकराला सात नंबरने कौलावर पोट टेकवलं. आम्ही चौघं एकदम पुढे वाकलो. आणि बाहेरच्या खोलीतून तुतारी फुटावी तसा आवाज आला!

बँडवाला. पुढचे दोन दात पडल्यामुळे त्याचं ट्रम्पेट महिनाभर बंद होतं. त्याला शुक्रवारी बोलावलं होतं. तो गुरुवारी आला, दार उघडं पाहिलं, टेबलावर आपल्या नावाची डबी पाहिली, दात घातले आणि बसतात का बघायला छाती भरून ट्रम्पेट फुंकलं. दात उत्तम बसले होते. खिडकीच्या काचा थरथरल्या. चौदा नंबर पंपामागे जाऊन अडकल्यासारखा बसला आणि सात नंबर कौल सोडून टाकीच्या दुसऱ्या टोकाला.

मी उठलेच होते, पण काकू माझ्या आधी पोचल्या. आम्हाला आत फक्त त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, तेही दबक्या आवाजात, म्हणून जास्तच भयंकर.

"दात काढ."

"काकू, पण एकदम फिट..."

"काढ म्हटलं ना! ते वाजवायचं इकडे दे. बस तिथे. श्वास नाकाने घे."

पुढचे तीन तास आमच्या भागातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस बिनदातांचा, मांडीवर हात ठेवून, जबड्यांच्या कपाटाखाली बसून होता.

आत काहीच होत नव्हतं. चौदा नंबर बाहेर येईना. साडेअकरा. बारा. दोनला दिवे जाणार. मॅडम घड्याळाकडे बघत नव्हत्या, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटत होती.

मी काकांच्या कानात म्हटलं, "काढा ना त्याला पंपामागून! काडीने ढकला!"

"ज्याचा जबडा आवळलाय त्याचं तोंड ओढून उघडत नाहीत," ते म्हणाले. "हात खाली सोडा, थोडं थांबा." पण त्यांचे स्वतःचे हात गुडघ्यावर घट्ट होते.  मी त्यांना दाढा काढलेल्या, रक्ताळलेल्या, रडणाऱ्या माणसांसमोर पाहिलंय. त्यांचे हात असे कधी नव्हते.

सव्वाबाराला जे झालं ते कुणी केलं नाही. सात नंबरनेच केलं. ती (आता मी 'ती'च लिहिणार) सरळ पंपाकडे गेली, चौदा नंबरच्या शेपटीला चावली, त्याला बाहेर काढलं आणि ढकलत ढकलत कौलापर्यंत आणलं. तो थरथरत, माना डोलावत पुढे. ती मागे.

"अगं बाई," मॅडम म्हणाल्या. "ही नक्की मादी आहे."

"अजून घातली नाहीत अंडी," काका म्हणाले. स्वतःच्या विरुद्ध जाणारा एवढा खरा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग तिने पोट टेकवलं. कौलावरून सावकाश सरकली आणि मागे नारिंगी ठिपक्यांची एक ओळ उमटली. वळली. दुसरी ओळ, पहिलीला चिकटून. तिच्या मागून चौदा नंबर, त्याच ओळीवरून. पुन्हा ती. पुन्हा तो. शिवणयंत्राखालून कापड जावं तशी ओळीला ओळ. मॅडमचं नाक कापडाला लागलं होतं. हातातलं पेन खाली पडलं, त्यांनी उचललं नाही. कपाळाला कपाळ लावून काकू त्यांच्याच भोकातून बघत होत्या, स्वतःचं भोक सोडून.

काका बघत नव्हते. डोळे मिटून बसले होते. मी कोपराने ढोसलं तर म्हणाले, "झालं का सुरू? मला सांगा फक्त."

पावणेदोनपर्यंत चाललं. शेवटच्या ओळीनंतर सात नंबर बाजूला झाली, आणि चौदा नंबर आपणहून कौलापाशी आला आणि पंखाने वारा घालू लागला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दोनला दिवे गेले. आम्ही पडद्याआडून बाहेर आलो तर बँडवाल्याने हात वर करून, खुणेने विचारलं, बोलू का? काकूंनी त्याला दात परत दिले. ट्रम्पेट दिलं नाही.

मॅडम टेबलाशी बसल्या, मेणाच्या वड्या सरकवल्या, अर्ज उघडला आणि पेन धरून थांबल्या.

"मी पाहिलं. पण लिहू कुठे? रकाना नाहीच. आणि कलम बदलायचं तर समितीची सही लागते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बँडवाल्यानेसुद्धा, त्याला काहीही माहीत नसताना.

मी आयुष्यात माझं लिहिलेलं मागे घेतलेलं नाही. पोलिसांसमोर नाही, साहेबांसमोर नाही. मी म्हटलं, "कलम चुकीचं नाही. हेतू बरोबर होता."

"हेतू बरोबरच होता गं," काकू म्हणाल्या. "माप चुकलं. पुन्हा घे."

 काकांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वर त्यांच्या दातांच्या दुकानाचं नाव छापलेला. त्यावर मी नववं कलम नव्याने लिहिलं. काकू सांगत होत्या, मी शब्द नीट करत होते: 'जोकर माशात नराची मादी होऊ शकते, मादीचा नर होत नाही. सबब नर अथवा मादी या नोंदीआधी "सध्या" हा शब्द लिहावा.'

"मादीचा नर होत नाही हे जाड अक्षरात लिही," काकू म्हणाल्या.

मी सही केली. यावेळी लहान.

मॅडमनी मग सगळा अर्ज नव्याने भरला, कारण शुक्रवारी फाइल जायची होती. झरझर लिहीत होत्या आणि मोठ्याने म्हणत होत्या. "एक नंबर, सध्या मादी. दोन नंबर, सध्या नर. सात नंबर, सध्या मादी, पूर्वी नर, अंडी घालताना स्वतः पाहिले. चौदा नंबर, सध्या नर." असं करत करत एकोणीस टाक्या संपल्या, हात थांबला नाही, खालचा भाग आला. पैदासकाराचं नाव, पत्ता, वय चौसष्ट, लिंग.

काकांनी अर्ज वाचायला घेतला. ते प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचतात. शेवटच्या ओळीवर थांबले. भिंग लावलं. पुन्हा वाचलं. अर्ज काकूंकडे दिला. काकूंनी वाचला, आणि हसू दाबत स्वयंपाकघरात पळाल्या. बरण्यांच्या मधून त्यांचा आवाज किती तरी वेळ येत होता.

मी घेऊन पाहिलं. मॅडमच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'सध्या पुरुष.'

"अरे देवा!" मॅडम म्हणाल्या. "द्या, खोडते."

"खोडता येणार नाही," काका म्हणाले. "खाडाखोड असली की अर्ज बाद. दुसरं कलम."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटाकडे बघितलं.

"नवीन अर्ज भरायचा तर एकोणीस टाक्या पुन्हा," मॅडम पुटपुटल्या.

काकांनी अर्ज परत घेतला, टेबलावरचं प्लास्टर फुंकून बाजूला केलं आणि खाली सही केली.

"राहू द्या," म्हणाले. "खोटं काहीच नाही त्यात."